चेहऱ्याचा व्यायाम: तुम्ही विचारलंत म्हणून

मागच्या अंकात मान आणि खांद्यांबद्दल लिहिताना शेवटी एक ओळ टाकली होती की व्यायाम चेहऱ्याचाही असतो, त्यावर कधीतरी बोलू. झालं! तेवढ्या एका ओळीवर पत्रं, व्हॉट्सॲपवर मेसेज, काहींनी तर फोटो पण पाठवले, एक समोरून एक बाजूने. सगळ्यांना उत्तर देणं काही शक्य नाही, म्हणून थोडे प्रश्न निवडले. नावं छापत नाही, कारण दोघीतिघींनी खास कळवलंय की आमच्या सासूबाई पण हेच मासिक वाचतात.

"ताई, माझं वय 47, शाळेत शिकवते. मोबाईलवर फेस योगाचे व्हिडिओ बघून रोज सकाळी गाल फुगव, ओठांचा चंबू कर असं करून राहिली आहे. मिस्टर हसतात. गाल खरंच वर जातात का, की मी उगाच वेळ घालवून राहिली? आणि प्रत्येक व्हिडिओत वेगळंच सांगतात, त्यातलं नेमकं करायचं काय?" (एक शिक्षिका, त्रिमूर्तीनगर)

मिस्टरांना हसू द्या, त्यांच्या गालाचा फुकट व्यायाम होतोय. तुमचं उत्तर असं की फरक पडतो, पण थोडा पडतो, मुख्यतः गालात पडतो आणि त्यासाठी मेहनत भरपूर लागते. हे मी मनाचं सांगत नाहीये. अमेरिकेत शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या डॉक्टरांनी यावर एक छोटा अभ्यास केला, तो 2018 मध्ये तिकडच्या त्वचारोगाच्या मोठ्या जर्नलमध्ये छापून आला. 40 ते 65 वयाच्या 27 बायका घेतल्या, त्यांना 32 व्यायाम शिकवले, पहिले 8 आठवडे रोज अर्धा तास आणि मग 20 आठवडे होईपर्यंत एक दिवसाआड अर्धा तास. आधीचे आणि नंतरचे फोटो त्वचेच्या डॉक्टरांना दाखवले, कोणता आधीचा ते न सांगता, आणि विचारलं की या बाईचं वय किती वाटतं. सुरुवातीला सरासरी 50.8 वाटत होतं, शेवटी 48.1. म्हणजे पावणेतीन वर्षं कमी! आणि गालाचा वरचा आणि खालचा भाग भरलेला दिसला.

आता व्हिडिओवाले जे सांगत नाहीत ते. 27 पैकी 16 जणींनीच शेवटपर्यंत केलं, बाकीच्या मधेच गळाल्या, आणि यात नवल काही नाही, रोज अर्धा तास आरशासमोर तोंडं वाकडी करायला डबे, शाळा, ट्यूशन सांभाळून वेळ कुठून आणायचा. शिवाय व्यायाम न करणाऱ्या बायकांचा वेगळा गट तुलनेला घेतला नव्हता. आणि डोळ्यांच्या आसपास, कपाळ, मान, हनुवटीखाली वगैरे म्हणावा असा फरक दिसलाच नाही. त्यामुळे "सात दिवसांत दहा वर्षं तरुण" असं कोणी म्हणालं की तो व्हिडिओ तिथेच बंद करायचा.

गालातच फरक का, तर हातापायाचे स्नायू हाडाला धरून असतात पण चेहऱ्यावरचे हावभावाचे स्नायू एका बाजूने त्वचेला चिकटलेले असतात, म्हणून तर आपण नाक मुरडू शकतो, भुवई उडवू शकतो. वय वाढतं तशी गालातली चरबी कमी होते, खाली सरकते, हाड पण थोडं झिजतं. अशा वेळी गालाचा स्नायू जरा जाड झाला तर खालची गादी भरल्यासारखी होऊन वरची चादर थोडी ताणली जाते. इतकंच. त्वचा स्वतः काही घट्ट होत नाही, तिला घट्ट ठेवणारं कोलाजेन व्यायामाने परत येतं असं कोणी सिद्ध केलेलं नाही. आणि तुमच्या वयाला हे महत्त्वाचं आहे, कारण पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं जवळपास 30 टक्के कोलाजेन कमी होतं.

तरी करायचं असेल तर गालाचे दोनच धरा आणि नीट करा. पहिला: तोंड उघडून लांबट "ओ" करा, वरचा ओठ दातांवर ओढून घ्या आणि ओठ तसाच ठेवून हसा, म्हणजे डोळ्याखाली गालाचा गोळा वर आलेला हाताला लागेल. त्या गोळ्यावर बोटं हलकेच ठेवायची, दाबायचं नाही, हसू सोडलं की गोळा खाली, हसलं की वर. दुसरा: दात न दाखवता हसा, ओठ आवळून घ्या, गाल जोर लावून वर न्या, बोटं ओठांच्या कोपऱ्यापासून गालावर वर सरकवत न्या आणि तिथे 20 सेकंद धरून ठेवा.

हे करताना आरशात दोन गोष्टी बघा, माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणी तिथेच चुकतात. एक म्हणजे डोळे बारीक होऊन कडेला सुरकुत्यांचा पंखा तयार होतो, तो व्हायला नको. आणि दुसरं, जोर लावता लावता मानेच्या दोऱ्या ताणून दिसायला लागतात. मानेवरचा तो पातळ स्नायू तोंडाच्या कडा खाली ओढणारा आहे, म्हणजे इकडे आपण गाल वर नेऊन राहिलो आणि तिकडे तो खाली ओढून राहिला, मग दिवसभर केलं तरी काय उपयोग. दोऱ्या दिसल्या की जोर कमी करा.

आणि ताई, एक विचारू का, शाळेत जाता कशाने? स्कूटीने जात असाल तर अर्धा तास व्यायामापेक्षा चेहऱ्यासाठी मोठी गोष्ट तिथे आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो हे नवीन नाही, पण गरमी वेगळी आणि त्वचा म्हातारी करणारे किरण वेगळे, ते डिसेंबरच्या छान कोवळ्या वाटणाऱ्या उन्हात पण असतात आणि काचेतून पण आत येतात. 2012 मध्ये अमेरिकेतल्या एका ट्रक ड्रायव्हरचा फोटो डॉक्टरांच्या जर्नलमध्ये आला होता, वय 69, ट्रक चालवून 28 वर्षं झालेली. त्याचा डावा गाल, म्हणजे त्यांच्याकडे खिडकीकडचा, खोल सुरकुत्यांनी भरलेला आणि उजवा बराच नितळ. माणूस तोच, वय तेच, स्नायू पण दोन्हीकडे तेवढेच वापरलेले. आपल्याकडे कार चालवणाऱ्यांचा उजवा गाल आरशात बघा एकदा.

त्यामुळे नागपुरातल्या पोरी गाडीवर जो स्कार्फ बांधतात ना, फक्त डोळे उघडे आणि त्यावर गॉगल, ज्याला पुणे-मुंबईचे पाहुणे हसतात, तो मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. फक्त जाळीदार शिफॉनचा नको, घट्ट विणीचा सुती घ्या. आणि खाली सनस्क्रीन, एसपीएफ 30 तरी असावं, तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीच्या दोन रेघा ओढल्या की चेहरा आणि मानेला पुरेल एवढं होतं. आपल्यापैकी बहुतेक जणी वाटाण्याएवढं लावतात आणि म्हणतात की काही फरक पडत नाही.

"कपाळावर तीन आडव्या आठ्या पडल्या. वय 41. भुवया जोरात वर करून धरायचा व्यायाम रोज 50 वेळा सांगितलाय, करू का?" (एक वाचक, मनीषनगर)

नका करू. आडव्या आठ्या ज्या स्नायूने पडतात, त्यालाच तुम्ही रोज 50 वेळा राबवणार! कपाळाचा स्नायू उभा ओढला जातो म्हणून त्वचेला आडवी घडी पडते, वर्षानुवर्षं तीच घडी पडत गेली की ती कायमची होते. बोटॉक्सचं इंजेक्शन काय करतं, तर नेमकं उलट, त्या स्नायूला तीन-चार महिने ढिलं पाडतं, घडीच पडू देत नाही. 2002 पासून अमेरिकेत भुवयांच्या मधल्या रेघांसाठी त्याला रीतसर मंजुरी आहे. म्हणजे गालाला जे लागू ते कपाळाला लागू नाही, आणि "चेहऱ्याचे सगळे स्नायू बळकट करा" हा सल्लाच मुळात चुकीचा आहे.

बोटॉक्स घ्या असं मी म्हणत नाहीये, तो तुमचा आणि तुमच्या खिशाचा प्रश्न. पण आधी डोळे तपासून घ्या. चाळिशी लागली की जवळचं दिसत नाही, मोबाईल वाचताना माणूस भुवया वर तरी करतो नाहीतर डोळे बारीक तरी करतो, दिवसाला शेकडो वेळा, आणि चष्मा लावायची लाज म्हणून तसंच वर्ष-दोन वर्षं काढतो. बरेचदा आठ्यांचं मूळ तिथे असतं. आणि पापणीच खाली आल्यामुळे भुवई वर धरावी लागत असेल तर तेही डोळ्यांचे डॉक्टरच सांगतील.

"मॅडम मी 20 वर्षांचा आहे, इंजिनिअरिंगला. जॉलाइन पाहिजे. ऑनलाइन सिलिकॉनचा चावायचा बॉल मागवला, रोज तासभर चावतो. आता उजव्या कानाजवळ कट कट आवाज येतो. मित्र म्हणतात मेविंग कर. रूमवरचे पोट्टे तर म्हणतात खर्रा खात जा बे, जबडा आपोआप मजबूत होतो. काय करू?" (एक विद्यार्थी, हिंगणा रोड)

भाऊ, पहिले तो बॉल कचऱ्यात टाक.

चावायचा स्नायू कानाच्या खाली जबड्याच्या कोपऱ्यावर असतो, दात दाबून हात लावला की टणक गोळा लागतो तो. चावून चावून तो जाड होतो हे खरं आहे, पण तो जाड झाला की चेहरा खालून रुंद आणि चौकोनी होतो. तुला फोटोत जी धारदार रेघ पाहिजे ती वेगळी गोष्ट आहे, ती हाडाची ठेवण आणि हनुवटीखाली चरबी किती यावर ठरते. आणि गंमत बघ, हाच गोळा कमी करायला लोक पैसे देऊन त्यात बोटॉक्स टोचून घेतात. कानाजवळचा आवाज जबड्याच्या सांध्याचा आहे. नुसता आवाज असेल तर घाबरू नकोस, पण दुखत असेल, जबडा अडकत असेल किंवा सकाळी उठल्यावर कानशील जड वाटत असेल तर दातांच्या डॉक्टरला दाखव. तोवर मऊ जेवण, जांभई देताना हनुवटीखाली हात, आणि दिवसभर वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले नकोत, ओठ मिटलेले आणि दात सुटे.

मेविंग म्हणजे जीभ टाळूला लावून ठेवायची, जॉन म्यू नावाच्या इंग्लंडच्या दातांच्या डॉक्टरवरून ते नाव पडलं. जीभ टाळूला टेकलेली असणं काही वाईट नाही, पण वाढ संपलेल्या मुलाचं जबड्याचं हाड त्याने बदलतं याला पुरावा नाही. वजन जास्त असेल तर अंगाचं वजन उतरव, चेहऱ्याचं पण उतरेल. फक्त हनुवटीची चरबी व्यायामाने जाळता येत नाही, पोटाचीही येत नाही.

आता खर्रा. हा प्रश्न तू गमतीत टाकला असशील पण मी त्याला गमतीत घेणार नाही, कारण तुझ्या वयाची पोरं मी या एका कारणासाठी बघते. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटायचा आणि गालात धरायचा, दिवसाला किती पुड्या होतात याचा हिशोब कोणी ठेवत नाही. सुपारीमुळे गालाच्या आतलं मऊ अस्तर कडक व्हायला लागतं. सुरुवात इतकी साधी असते की लक्षात येत नाही, कालपर्यंत तर्री पोह्यावर वरून अजून तर्री मागणारा मुलगा म्हणतो की आजकाल तिखट फार झोंबतं. मग गाल आतून पांढुरका पडतो, दोरीसारखे पट्टे हाताला लागतात, आणि तोंड उघडणं कमी होत जातं. जबडा मजबूत झाला असं जे वाटतं ना, ते हेच! आपली तीन बोटं उभी धरून दातांच्या मध्ये घालून बघा, सहज जायला पाहिजेत. दोनच जात असतील तर उद्याच्या उद्या दाखवा, नागपूरच्या शासकीय मेडिकल कॉलेजच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. हा आजार कॅन्सरकडे जाऊ शकतो आणि कडक झालेलं अस्तर पूर्ववत मऊ होत नाही, म्हणून खर्रा बंद करणं हाच पहिला उपचार.

आणि मग तोंडाचा खरा व्यायाम सुरू होतो. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, तोंड ताणलं जाईल इतक्याच, आणि डॉक्टर सांगतील तशी हळूहळू एकेक काडी वाढवायची. एक काडी वाढली म्हणून डोळ्यात पाणी आलेले तरुण मी पाहिलेत, जॉलाइनची गोष्ट करायची सोय नसते तिथे. तुझ्या रूमवरच्या पोट्ट्यांना तीन बोटांची परीक्षा आज रात्रीच करायला लाव.

"मिस्टरांचं वय 52. सहा आठवड्यांपूर्वी सकाळी ब्रश करताना चूळ एका बाजूने सांडायला लागली, डावा डोळा मिटेना, तोंड वाकडं. दवाखान्यात नेलं, बेल्स पाल्सी निघाली, म्हणजे चेहऱ्याच्या एका बाजूची नस लुळी पडलेली, गोळ्या झाल्या, आता बरंच सुधारलंय. सगळे म्हणतात फुगे फुगवा, च्युइंगम चावा, जितका जोर लावाल तितकं लवकर सरळ होईल. खरं का?" (एक वाचक, नंदनवन)

लगेच नेलं हे फार चांगलं केलंत. कारण आपल्याकडे अजून "वारं लागलं" म्हणून शेकत बसतात, आणि या गोळ्या पहिल्या 72 तासांत सुरू झाल्या तर जास्त उपयोगी पडतात. वाचकांसाठी सांगते, लकव्यात, म्हणजे मेंदूच्या झटक्यात पण तोंड वाकडं होतं. मेंदूचा झटका असेल तर बहुतेक वेळा कपाळाला आठ्या घालता येतात, बेल्स पाल्सीत त्या बाजूचं कपाळ पण सपाट पडतं. पण ही परीक्षा घरी करत बसू नका. तोंड अचानक वाकडं झालं की सरळ मोठा दवाखाना, कोणता आजार ते त्यांना ठरवू दे.

जोराचं म्हणाल तर अजिबात नाही. चेहऱ्याची सातवी नस कानामागच्या हाडाच्या अरुंद बोळातून येते, ती सुजते आणि दबते, मग सावकाश सावरते. दहातले सात जण औषधाशिवाय पण पूर्ण बरे होतात, घाई करून नस लवकर भरत नाही. उलट या काळात जोरजोरात तोंड वेडंवाकडं केलं तर भलत्या हालचाली जोडल्या जायची भीती असते, म्हणजे हसायला गेले की डोळा आपोआप मिटतो, जेवताना डोळा लवलवतो. फुगा फुगवताना चांगली बाजूच सगळं काम करते, आजारी बाजू नुसती ताणली जाते. आणि च्युइंगमचा तर संबंधच नाही, चावायच्या स्नायूंना पाचवी नस असते, तिला काही झालेलंच नाही.

मग करायचं काय, तर आरसा समोर घेऊन एकदम छोटं हसू. जितकं दोन्ही बाजूंना सारखं जमतं तितकंच, चांगली बाजू पुढे पळायला लागली की थांबायचं, हवं तर त्या बाजूवर बोट ठेवून तिला अडवायचं. मग ओठांचा हलका चंबू, मग नाक किंचित आकसणं. दोन-चार मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, बस्स. व्यायामापेक्षा डोळा महत्त्वाचा. पूर्ण मिटत नसेल तर दिवसा डॉक्टरांनी दिलेले थेंब, रात्री मलम आणि पापणी बंद राहील अशी टेप, आणि गाडीवर चष्म्याशिवाय जायचंच नाही, आपल्याकडची धूळ माहीत आहे ना. तीन महिने होऊनही बाजू हललीच नाही तर परत डॉक्टरांकडे.

"माझे गाल पार बसले. वय 66. नात म्हणते आजी गाल फुगवायचा व्यायाम कर. करू का गं?" (एक आजी, महाल)

आजी, व्यायाम खुशाल करा, नातीसोबत करा. पण तुम्ही पत्रात मागच्या सगळ्या दाढा काढल्याचं लिहिलंय आणि कवळी "टोचते म्हणून डब्यात ठेवली" असंही लिहिलंय, तर गाल तिथे बसलेत. दात गेले की खालचं हाड झिजत जातं, ओठ आत जातात, गालाला टेकायला काही राहत नाही. हाड झिजलं की जुनी कवळी सैल होते आणि टोचते, ती दुरुस्त करून मिळते किंवा नवीन करावी लागते, सवय व्हायला काही आठवडे लागतात. बीपी किंवा काचबिंदू असेल तर श्वास कोंडून जोरात गाल फुगवू नका.

"जेड रोलर घेऊ की गुआशा? सकाळी चेहरा सुजलेला असतो." (एक वाचक, धरमपेठ)

चेहऱ्यावर फिरवायचा दगडी रोलर असो की ओढायची दगडी पट्टी म्हणजे गुआशा, दोन्हीने चेहऱ्यावरची सूज तासाभरापुरती सरकते, स्नायू घट्ट होत नाही. आवडत असेल तर घ्या, आधी थोडं तेल किंवा क्रीम लावा, कोरड्या त्वचेवर ओढू नका आणि पिंपल्स असतील तर त्यावरून अजिबात फिरवू नका. रात्री सावजीचा रस्सा किंवा शेव-चिवडा झाला की सकाळी तोंड सुजणारच, ते मीठ आहे. पण सूज रोजचीच असेल, डोळ्यांभोवती जास्त असेल, पायावर पण येत असेल किंवा वजन वाढून थकवा वाटत असेल तर रोलरचे पैसे वाचवून थायरॉईड, लघवी आणि किडनीची तपासणी करून घ्या.